नवलाचे नाव

१८५३ सालच्या एप्रिल महिन्याची १६ तारीख होती. दुपारी साडेतीनच्या सुमारास मुंबईस बोरीबंदर येथे एकवीस तोफांची सलामी झाली आणि चौदा डब्यांची एक गाडी ठाण्याच्या दिशेने निघाली. गाडीत सुमारे चारशे निमंत्रित मंडळी बसली होती. गाडी ओढण्यास तीन इंजिने जोडली होती आणि त्यांची नावे साहेब, सिंध व सुलतान अशी होती. बोरीबंदर ते ठाणे हे अंतर एकवीस मैलांचे, म्हणजे सुमारे चौतीस किलोमीटरांचे. हिंदुस्थानात उतारूंना घेऊन जाणारी ही पहिली आगगाडी होय.

हा सोहळा पाहण्यास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांनी गर्दी केली होती. गाडी म्हणजे काय, हे त्यांतील लहान मुलालाही ठाऊक होते. गाडीला चाके असतात, जू असते, पुढे बैल असतात आणि बैल थकले की गाडी थांबते. परंतु समोरून जी वस्तू आली तिला चाके होती, बैल मात्र नव्हते. ती धूर सोडत होती, शीळ घालत होती आणि लोखंडाच्या दोन पट्ट्यांवरून मुळीच न डगमगता धावत होती. पाहणारे थक्क झाले. घरी गेल्यावर ‘काय पाहिलेत?’ असे कोणी विचारले असते, तर त्यांनी काय उत्तर द्यावे? जी वस्तू यापूर्वी कोणी पाहिलेलीच नव्हती, तिच्यासाठी भाषेत शब्द तरी कोठून असणार?

ही अडचण केवळ त्या दिवसाची नाही, किंवा केवळ मराठी माणसाचीही नाही. जगात नवी वस्तू आली की प्रत्येक भाषेपुढे हीच अडचण उभी राहते. ती वस्तू विकत घेता येते, वापरता येते. पण तिच्याविषयी दोन माणसांना एकमेकांशी बोलावयाचे असेल, तर तिला नाव द्यावेच लागते. ज्याला नाव नाही, त्याविषयी प्रश्न विचारणेही कठीण होते. आणि ज्याविषयी प्रश्न विचारता येत नाही, त्याची माणसाला भीती वाटू लागते. आगगाडी नवी होती त्या काळात तिच्यात भुताखेतांचे बळ आहे अशा कंड्या पिकल्या, त्याचे कारण हेच होय.

अशा वेळी माणसाचे मन काय करते? ते माहीत असलेल्या वस्तूचा आधार घेऊन माहीत नसलेल्या वस्तूकडे जाते. ओळखीच्या काठावर एक पाय घट्ट रोवून दुसरा पाय अनोळखी पाण्यात टाकावा, तसा हा प्रकार आहे. समोरची वस्तू कशासारखी आहे आणि तिच्यात काय वेगळे आहे, हे दोनच प्रश्न मन विचारते. ही वस्तू गाडीसारखी आहे, हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर. तिच्यात बैल नाहीत पण आग आहे, हे दुसऱ्याचे. ही दोन उत्तरे एकत्र आली आणि ‘आगगाडी’ हा शब्द तयार झाला. पाण्यावर चालणाऱ्या वाफेच्या जहाजाला याच रीतीने ‘आगबोट’ हे नाव मिळाले. त्यात ‘आग’ हा शब्द घरचा आणि ‘बोट’ हा शब्द इंग्रजी. पण दोघांची सोयरीक अशी जुळली की हा शब्द परका आहे असे कोणाला वाटले नाही.

इंग्रज लोकांनीही आपल्या देशात हेच केले होते. इंग्रजीत इंजिनाला लोखंडी घोडा म्हणत. पुढे मोटार आली, तेव्हा तिला प्रथम ‘बिनघोड्यांची गाडी’ असे म्हटले गेले. इंजिनाचे बळ किती, हे सांगण्यासाठी जेम्स वॉट यांनी घोड्याच्या बळाचेच माप घेतले आणि मराठीत त्या मापाला ‘अश्वशक्ती’ हा शब्द आला. मार्कोनी यांनी तारेवाचून संदेश पाठविला, तेव्हा इंग्रजीत त्या युक्तीला ‘तारेवाचून’ अशाच अर्थाचा वायरलेस हा शब्द मिळाला; मराठीने त्याला ‘बिनतारी’ म्हटले. या सर्व नावांत एक गंमत आहे. नवी वस्तू काय आहे हे सांगता येत नाही, तेव्हा तिच्यात जुने काय उरले आहे किंवा जुने काय नाहीसे झाले आहे, ते माणूस सांगतो.

मात्र अशा नावाला एक मर्यादा असते. पाहणाऱ्याला जे प्रथम दिसले, तेवढेच ते सांगते. आगगाडी आगीने चालत नव्हती. आगीने पाणी तापे, पाण्याची वाफ होई आणि कोंडलेल्या वाफेच्या जोराने इंजिनाचा दट्ट्या पुढेमागे सरकून चाके फिरत. डोळ्यांना आग व धूर दिसला, वाफेचे काम आत चालले होते. म्हणून नावात आग आली, वाफ आली नाही. नाव मिळाले, तरी ज्ञान मिळाले असे नाही. नाव हे ज्ञानाच्या घराचे दार आहे. आत जावयाचे तर दार उघडून पुढे पाऊल टाकावेच लागते.

शिवाय वस्तू बदलते आणि नाव मागे राहते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी धावली. आज ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या स्थानकांतून धावणाऱ्या लोकल गाड्यांत आगही नाही आणि वाफही नाही. तरी ‘आगगाडी’ हा शब्द पुस्तकांत व बोलण्यात टिकून आहे. ‘तार’ या शब्दाची कथा याहून विलक्षण आहे. तार म्हणजे धातूचा बारीक तंतू. तारायंत्र आले तेव्हा तारेतून आलेल्या संदेशालाच लोक ‘तार’ म्हणू लागले. ‘तार आली’ हे शब्द ऐकताच घरातील माणसांच्या छातीत धस्स होई, कारण तातडीची बातमी बहुधा वाईटच असे. ती सेवा भारतात जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता तारा येत नाहीत; पण जुन्या कथा वाचणाऱ्याला हा शब्द समजला नाही, तर त्या घरातील भीतीही समजणार नाही.

नव्या व अज्ञात वस्तूंविषयी बोलण्यासाठी प्रत्येक भाषेत काही खास विशेषणे असतात. मराठीत नवा, नवखा, अनोळखी, अपरिचित, अपूर्व, अज्ञात असे कितीतरी शब्द आहेत. ते सारखे दिसले, तरी एकाच अर्थाचे नाहीत. नवा सदरा म्हणता येतो, नवखा सदरा म्हणता येत नाही. कारण नवखेपणा वस्तूचा नसून कामाची सवय नसलेल्या माणसाचा असतो. अनोळखी माणूस आपल्याला ठाऊक नसतो, इतरांना असू शकतो. अज्ञात गोष्ट मात्र कोणालाच ठाऊक नसते. जे पूर्वी कधी झाले नाही, ते अपूर्व. आणि ‘नवल’ या शब्दात तर ‘नव’ हा शब्द उघडच बसलेला आहे. नवे दिसले की आश्चर्य वाटते, हा माणसाचा अनुभव त्या एका शब्दात साठविलेला आहे.

इंग्रजीतील अशा शब्दांकडे पाहिले, तर एक मनोरंजक नाते आढळते. ‘न्यू’ म्हणजे नवा. हा इंग्रजी शब्द आणि संस्कृतातील ‘नव’ हे एकाच प्राचीन मुळापासून फुटलेले आहेत. ‘अननोन’ म्हणजे अज्ञात. या शब्दाच्या आरंभीचा ‘अन’ हा संस्कृतातील नकारार्थी ‘अ’ किंवा ‘अन्’ याचा भाऊ आहे आणि ‘नोन’ हा ‘ज्ञात’ याचा नातलग आहे. म्हणजे अननोन आणि अज्ञात हे दोन शब्द हजारो वर्षांपूर्वी दुरावलेल्या बहिणी होत. कलकत्त्यास न्यायाधीश असलेले विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एकच असावे, असा विचार १७८६ साली मांडला. त्यानंतरच्या अभ्यासाने अशी अनेक नाती उजेडात आली. ‘स्ट्रेंज’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचित्र असा आहे. पण त्याचे मूळ लॅटिन भाषेतील ‘बाहेरचा’ या अर्थाच्या शब्दात आहे. जे बाहेरचे ते विचित्र, असे पूर्वीच्या लोकांना वाटे. ही समजूत बरोबर आहे की नाही, याचा विचार प्रत्येकाने करावयास हवा.

‘नॉव्हेल’ या इंग्रजी शब्दाचाही मूळ अर्थ नवीन असाच आहे. युरोपात गद्यात लिहिलेल्या दीर्घ कथेचा प्रकार रूढ झाला, तेव्हा इंग्रजांनी त्याला ‘नवी’ या अर्थाचे हेच नाव दिले. तो प्रकार एकोणिसाव्या शतकात मराठीत आला. १८५७ साली बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले; ते मराठीतील पहिली कादंबरी मानले जाते. आता ‘कादंबरी’ हा शब्द कोठून आला? सातव्या शतकात सम्राट हर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाने संस्कृत गद्यात एक दीर्घ कथा लिहिली. तिच्या नायिकेचे नाव कादंबरी, आणि ग्रंथाचे नावही तेच. मराठी माणसाने नव्या वाङ्मयप्रकाराला त्या जुन्या नायिकेचे नाव दिले. गुजरातीने मात्र इंग्रजी शब्दाच्या अर्थाला धरून ‘नवलकथा’ हा शब्द केला. वस्तू एकच, एकीने तिच्या नवेपणाकडे पाहिले, दुसरीने तिच्यासारख्या जुन्या वस्तूकडे.

नाव ठाऊक नसलेल्या वस्तूची ही गोष्ट झाली. पण जी वस्तू स्वतःच ठाऊक नाही, तिला काय म्हणावे? गणित शिकणाऱ्यांपुढे हा प्रश्न फार प्राचीन काळी उभा राहिला. भास्कराचार्य यांचा जन्म १११४ सालचा. खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे असलेल्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे. त्यांच्या बीजगणितात अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ असे म्हटले आहे. ‘जेवढी असेल तेवढी’ हा त्या शब्दाचा अर्थ. एकाहून अधिक अज्ञात संख्या असल्या, तर त्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली आहेत. काळी संख्या, निळी संख्या, पिवळी संख्या! संख्येचे मूल्य ठाऊक नसले तरी तिला नाव मिळाले आणि नाव मिळताच तिची बेरीज-वजाबाकी करता येऊ लागली. अज्ञाताला नाव देणे हे त्याला जिंकण्याचे पहिले साधन आहे, हे यावरून कळून येईल.

युरोपात देकार्त या फ्रेंच पंडिताने १६३७ साली अज्ञात संख्यांसाठी वर्णमालेतील शेवटची अक्षरे वापरली. त्यांतील ‘एक्स’ हे अक्षर इतके रूढ झाले की अज्ञात म्हणजे एक्स असेच समीकरण बनले. १८९५ साली जर्मनीत राँटगेन यांना असे किरण सापडले, की जे काळ्या कागदातून आणि माणसाच्या मांसातूनही आरपार जात. हे किरण कोणते, ते राँटगेन यांना कळेना. त्यांनी प्रामाणिकपणे त्यांना ‘एक्स’ किरण, म्हणजे अज्ञात किरण, असे नाव दिले. मराठीत बीजगणिताच्या पुस्तकांनी एक्सच्या जागी ‘क्ष’ हे अक्षर घेतले होते. म्हणून ते किरण मराठीत ‘क्ष-किरण’ झाले. आज या किरणांचे स्वरूप शास्त्रज्ञांना पूर्णपणे ठाऊक आहे. तरीही नावात ‘क्ष’ राहिलाच आहे. एका थोर शास्त्रज्ञाने ‘मला ठाऊक नाही’ असे मोकळ्या मनाने म्हटल्याची ती खूण आहे.

नव्या वस्तूला नाव देण्याचा दुसरा मार्ग म्हणजे वस्तूबरोबर आलेले नाव उचलून घेणे. ठाण्यापर्यंत आलेला लोहमार्ग पुढे खाडी ओलांडून १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत गेला. तेथून एक फाटा थळ घाटाकडे आणि दुसरा बोरघाटाकडे नेण्यात आला. अशा रीतीने सातवाहनांच्या काळापासून बंदर म्हणून ख्यात असलेले कल्याण आगगाडीचे मोठे ठाणे बनले. या मार्गावर हजारो माणसे कामास लागली. त्यांना काम करता करता साहेबांचे शब्द ऐकू येत. इंजिन, सिग्नल, स्टेशन, तिकीट हे शब्द त्यांनी तसेच घेतले. पण जिभेला रुचतील असे घडवून घेतले. स्टेशनचे ठेसन झाले. टिकेटचे तिकीट झाले. प्लॅटफॉर्म या बोजड शब्दाचा ‘फलाट’ असा सुटसुटीत मराठी शब्द बनला. जेथे जुना शब्द चालण्यासारखा होता, तेथे त्यांनी परका शब्द घेतलाच नाही. माणसे बसण्याच्या कोठड्यांना त्यांनी ‘डबा’ म्हटले. एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी वळते, त्या जागेला ‘सांधा’ म्हटले आणि तो बदलणाऱ्या माणसाला ‘सांधेवाला’. हे शब्द पंडितांच्या सभेत ठरले नाहीत. ते उन्हातान्हात राबणाऱ्या माणसांच्या तोंडून जन्मास आले.

परक्या वस्तूंची नावे घेण्याचा सराव ठाणे आणि वसईच्या परिसराला फार पूर्वीपासून होता. या भागावर पोर्तुगीजांचा अंमल होता. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ साली चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीज गेले; पण त्यांचे शब्द मराठीत राहिले. पाव, चावी, पगार, बटाटा, अननस, घमेले, तुरुंग हे शब्द त्यांच्या भाषेतून आलेले आहेत. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांचा तरी कोठे होता? तो मूळचा अटलांटिक महासागरापलीकडील कॅरिबियन बेटांवरचा, आणि तेथे त्याचा अर्थ रताळे असा होता. एका बेटावरील रताळ्याचे नाव युरोपला गेले, तेथून जहाजात बसून कोकणच्या किनाऱ्यास लागले आणि वाटेत दुसऱ्याच कंदाला चिकटले! शब्दही माणसांप्रमाणे प्रवास करतात, हे यावरून दिसून येते.

मात्र अमेरिकेतून आलेल्या प्रत्येक वस्तूचे नाव मराठीने उसने घेतले नाही. लाल तिखट फळ आले, तेव्हा ते चवीला मिऱ्यासारखे लागले. म्हणून त्याचे नाव मिरची पडले. जमिनीखाली शेंगा धरणारे एक नवे झाड आले. मूग तर घरोघर माहीत होता. भुईतला मूग म्हणून लोक त्याला भुईमूग म्हणू लागले. हा शब्द कोणत्या कोशकाराने केला, हे कोणी विचारीत नाही. तो शेतकऱ्याचा शब्द आहे. तो ऐकताच झाड कसे आहे, हे डोळ्यांपुढे उभे राहते.

तिसरा मार्ग म्हणजे समजून-उमजून नवा शब्द घडविणे. हा मार्ग विचारवंतांचा. शिवाजी महाराजांच्या राज्यकारभारात फारसी व अरबी शब्द फार होते. त्यांच्या जागी संस्कृत शब्द योजावेत, म्हणून महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करविला. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केले. त्यात एका बाजूस इंग्रजी व दुसऱ्या बाजूस मराठी मजकूर असे. नव्या विद्येतील इंग्रजी कल्पना शेजारच्या स्तंभात मराठीत उतरविणे हे काम किती अवघड असेल, याची कल्पना करावी. त्याच सुमारास मोल्सवर्थ आणि कँडी यांचे कोश झाले. विसाव्या शतकात रत्नागिरीस स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. दिनांक, क्रमांक, महापौर, दूरध्वनी, बोलपट हे शब्द त्यांनी रूढ केले. महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यावर राज्यकारभार मराठीतून चालावा, यासाठी १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि हजारो पारिभाषिक शब्द तयार करण्यात आले.

घडविलेल्या शब्दांपैकी काही जगतात, काही कोशातच राहतात. दिनांक आणि क्रमांक हे शब्द आज शाळेतील मूलही रोज लिहिते. हे कोणी घडविले असतील, अशी शंकाही त्याला येत नाही. संगणक हा शब्दही चांगला रुजला. भ्रमणध्वनी मात्र कागदावर राहिला आणि लोकांच्या तोंडी मोबाईल आला. बोलपटाचे तर नवलच झाले. सगळेच चित्रपट बोलू लागल्यावर ‘बोलपट’ असे वेगळे सांगण्याचे कारण उरले नाही आणि तो शब्द मागे पडला. फार जड शब्द केला, तर लोक त्याची थट्टाही करतात. सिग्नलला ‘अग्निरथगमनागमनदर्शक लोहपट्टिका’ म्हणावे, अशा धर्तीचा विनोद महाराष्ट्रात पुष्कळ वर्षे चालत आला आहे. एवढे नाव उच्चारून होईपर्यंत गाडी पुढच्या स्थानकास पोहोचावयाची! शब्द शुद्ध असला पाहिजे, हे खरे. पण तो तोंडात बसला पाहिजे आणि ऐकताच अर्थ कळला पाहिजे, हेही तितकेच खरे.

मग शब्द उसना घ्यावा की घडवावा? यावर आजवर पुष्कळ वाद झाले. काहींना परका शब्द म्हणजे घरात शिरलेला चोर वाटतो. काहींना मराठी शब्द वापरण्याचीच लाज वाटते आणि साधी गोष्टही ते इंग्रजीत सांगू पाहतात. तिसरीही एक वाईट सवय आहे. ‘ठेसन’ म्हणणाऱ्या खेडुताला शहाणी माणसे हसतात. परंतु ज्या रीतीने स्टेशनचे ठेसन झाले, त्याच रीतीने प्लॅटफॉर्मचा फलाट झाला. मग फलाट शिष्ट आणि ठेसन अडाणी, असे कशावरून? त्या माणसाने परक्या शब्दाला भिऊन मौन धरले नाही. त्याला आपल्या उच्चाराचे वळण दिले आणि काम चालविले. त्याला हसणे म्हणजे भाषेच्या कारागिरालाच हसणे होय.

या वादाचे उत्तर कोणाला ऐकावयाचे असेल, तर त्याने सकाळच्या वेळी डोंबिवलीच्या किंवा कल्याणच्या स्थानकावर क्षणभर उभे राहावे. हजारो माणसे कामासाठी मुंबईकडे निघालेली असतात. ध्वनिक्षेपकावरून सूचना ऐकू येते, आणि तीत फलाट, क्रमांक, जलद, लोकल असे शब्द एकामागून एक येतात. फलाट हा इंग्रजीतून येऊन मराठीच्या ओठांवर घासून गुळगुळीत झालेला शब्द. क्रमांक हा जाणीवपूर्वक घडविलेला. जलद हा फार पूर्वी फारसीतून येऊन रुळलेला. आणि लोकल हा इंग्रजीतून तसाच घेतलेला. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ ‘त्या ठिकाणचा’ असा आहे, आणि मराठी माणसाने त्याचे एका गाडीचे नाव करून टाकले आहे. चारही शब्द एका वाक्यात शेजारी शेजारी उभे असतात, जसे डब्यात निरनिराळ्या गावांचे उतारू खांद्याला खांदा लावून उभे असतात. तुझे मूळ गाव कोणते, असे कोणी कोणाला विचारीत नाही. गाडी मात्र सर्वांना घेऊन पुढे जाते.

जग थांबलेले नाही. उद्या एखादे नवे यंत्र येईल, नवा रोग येईल, आकाशात नवा तारा सापडेल. तेव्हा त्याला काय म्हणावे, हा प्रश्न आजच्या मुलांपुढे उभा राहील. त्या वेळी नाव सुचले नाही, म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. ती वस्तू कशासारखी आहे, कशासारखी नाही आणि ती काय करते, एवढे नीट पाहून जो स्वच्छ शब्दांत सांगेल, त्याला नाव आपोआप सापडेल. ते घरचे असो, उसने असो किंवा नव्याने घडविलेले असो; त्याने वस्तू अधिक स्पष्ट दिसली, म्हणजे ते नाव चांगले.

१८५३ सालच्या त्या दुपारी लोहमार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांजवळ शब्द नव्हता. परंतु त्यांच्याजवळ डोळे होते आणि मनात नवल होते. त्यांनी आग पाहिली, गाडी पाहिली आणि दोन जुन्या शब्दांची गाठ घालून एक नवा शब्द पुढच्या पिढ्यांच्या हाती दिला.

स्वाध्याय

१. ‘आगगाडी’ हा शब्द कसा तयार झाला? त्या शब्दातून कोणती गोष्ट कळत नाही?

२. नव्या वस्तूला नाव देण्याचे तीन मार्ग कोणते? प्रत्येकाची दोन उदाहरणे द्या.

३. कारणे सांगा :
(अ) राँटगेन यांनी आपल्या किरणांना ‘एक्स’ हे नाव दिले.
(आ) ‘बोलपट’ हा शब्द मागे पडला.
(इ) ‘ठेसन’ म्हणणाऱ्या माणसाला हसू नये.

४. अर्थातील फरक स्पष्ट होईल अशा रीतीने वाक्यांत उपयोग करा : नवा, नवखा, अनोळखी, अज्ञात, अपूर्व.

५. तुमच्या घरातील किंवा शेतातील पाच वस्तूंची नावे घ्या. ती कोठून आली असावीत, हे वडीलधाऱ्यांना विचारून व शब्दकोशात पाहून लिहा.

६. ज्याने दूरध्वनी कधीही पाहिला नाही अशा माणसाला तो कसा असतो, हे त्याचे नाव न घेता दहा ओळींत समजावून सांगा.